आठ शून्ये, पाच तास

मंगळवार, 11 ऑगस्ट 2020

मायक्रोसॉफ्ट आपल्या प्रणालींच्या सुरक्षा-दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. ऑगस्टच्या त्या मंगळवारी एकदम 120 त्रुटींवरच्या दुरुस्त्या आल्या. त्यांपैकी दोन त्रुटींचा गैरफायदा हल्लेखोर आधीपासूनच घेत होते, त्यामुळे चर्चा त्या दोहोंचीच झाली. त्याच यादीत सीव्हीई-2020-1472 हा क्रमांक होता. वर्णन एका ओळीचे होते, नेटलॉगनमधली अधिकारवाढीची त्रुटी. तीव्रता मात्र दहापैकी दहा.

ही दुरुस्ती कुठे बसवायची होती ते आधी समजून घ्यायला हवे. बँक, रुग्णालय, विद्यापीठ, सरकारी कचेरी, जिथे विंडोजचे शेकडो संगणक एका जाळ्यात जोडलेले असतात तिथे बहुधा ॲक्टिव्ह डिरेक्टरी असते. कर्मचारी कोण, त्याची ओळख कशी पटवायची, त्याला कुठले फोल्डर उघडता येते आणि कुठल्या सर्व्हरवर पाऊल ठेवता येत नाही, हे सगळे तिच्यात नोंदलेले असते. या नोंदी ज्या सर्व्हरवर राहतात तो डोमेन कंट्रोलर. गावात तलाठ्याच्या दप्तराला जे स्थान असते, तेच नेटवर्कमध्ये या सर्व्हरला असते. जमीन प्रत्यक्ष कोण कसतो ते बाजूला राहते आणि दप्तरात नाव कुणाचे यावर सगळे ठरते. ते दप्तरच परक्याच्या हाती गेले, की गावातल्या कुणाच्याच जमिनीची शाश्वती उरत नाही.

याच कारणाने या सर्व्हरला हात लावायला कुणी धजत नाही. पॅच टाकायचा म्हणजे रीबूट करायचा, आणि रीबूट होईतो लॉगिन अडले तर पहिला फोन सिस्टिम ॲडमिनलाच येतो. तो बिचारा चेंज रिक्वेस्ट टाकतो, डाउनटाइम मागतो. वरून उत्तर येते, महिनाअखेर होऊ द्या. मग ऑडिट असते, मग सुट्ट्या. त्या वर्षी तर बरेच कर्मचारी घरून काम करत होते आणि तेवढ्याच माणसांवर दुप्पट भार पडला होता. पुढे जे पाच तास येणार आहेत ते फार थरारक आहेत, पण संस्था वाचवण्याची खरी संधी ऑगस्ट-सप्टेंबरच्या या सुस्त आठवड्यांतच होती. तेव्हा ॲडमिनला हवी होती ती एका रात्रीची सवड. ती न देणारी खुर्ची कुठल्याच अहवालात दिसत नाही, याची मला चीड येते.

मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दोन टप्प्यांत ठेवली होती. ऑगस्टच्या पॅचने डोमेन कंट्रोलर आणि विंडोज संगणकांमधला व्यवहार सुरक्षित होणार होता. जुनी, इतर बनावटीची उपकरणे अडू नयेत म्हणून त्यांच्यावरची सक्ती फेब्रुवारी 2021 पर्यंत लांबवली होती. त्रुटी नेमकी काय आहे, हे त्या दिवशी जगाला सांगितले गेले नाही. संस्थांना पॅच बसवायला वेळ मिळावा, हा त्यामागचा हेतू होता.

महिना गेला.

शुक्रवार, 11 सप्टेंबर

सेक्युरा या नेदरलँड्समधल्या सुरक्षा-कंपनीने आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्रुटी शोधणारा संशोधक टॉम टेर्वोर्ट. त्याने आदल्या वर्षीही नेटलॉगनमध्ये एक दोष शोधला होता, पण तो वापरायला हल्लेखोराला दोन संगणकांच्या मधोमध बसावे लागे. या वेळी तशी काही अट नव्हती. कंपनीने त्रुटीला झीरोलॉगन हे नाव दिले.

इथे थोडे थांबायला हवे, कारण ही चूक समजली की तिचे भय नीट समजते.

कार्यालयातला प्रत्येक संगणक डोमेन कंट्रोलरला आपली ओळख नेटलॉगन या संवादपद्धतीने पटवतो. माणसांसारखी संगणकांचीही खाती असतात आणि त्यांना पासवर्डही असतो. ओळख पटवताना पासवर्ड तारेवरून पाठवत नाहीत. संगणक आठ बाइटांचे एक आव्हान पाठवतो, सर्व्हर आपले आठ बाइट पाठवतो, आणि दोन्ही आव्हाने व पासवर्ड मिळून त्या भेटीपुरती एक किल्ली तयार होते. संगणक आपले आव्हान त्या किल्लीने कूटबद्ध करून परत पाठवतो. उत्तर जुळले तर पासवर्ड त्याला ठाऊक आहे असे सर्व्हर मानतो. कल्पना चांगली आहे.

कूटबद्ध करण्यासाठी एईएस हे जगन्मान्य गणित वापरले होते, पण सीएफबी8 या क्वचित वापरल्या जाणाऱ्या पद्धतीने. ही पद्धत एकेक बाइट करून पुढे सरकते आणि सुरुवातीला तिला 16 बाइटांचे एक बीज लागते. हे बीज दर वेळी नवे, यादृच्छिक असले पाहिजे, हा या शास्त्रातला प्राथमिक नियम. नेटलॉगनमध्ये ते कायमचे ठरवून टाकलेले होते, सोळाच्या सोळा शून्ये.

आता हल्लेखोराने आपले आव्हानही आठ शून्यांचे पाठवले तर? किल्ली कुठलीही असो, शून्यांच्या पहिल्या ठोकळ्यावर ती चालवल्यावर जो पहिला बाइट निघतो तो 0 ते 255 यांपैकी काहीही असू शकतो. म्हणजे 256 किल्ल्यांमागे सरासरी एकीत तो शून्य निघतो. आणि पहिला शून्य निघाला की पुढच्या पायरीला पुन्हा तीच शून्ये समोर येतात, पुन्हा शून्य निघतो, असे आठही बाइट शून्यच होतात. म्हणजे त्या एका किल्लीपुरते बरोबर उत्तर आठ शून्ये. पासवर्ड माहीत असण्याची गरजच उरत नाही. आठ शून्ये पाठवायची, नाकारले की पुन्हा पाठवायची. सर्व्हर दर खेपेला नवे आव्हान देतो, त्यामुळे किल्लीही दर खेपेला नवी. माणसाने पाच-सात वेळा पासवर्ड चुकवला तर खाते बंद पडते, पण संगणकाच्या खात्याला तशी मर्यादाच नव्हती. सरासरी 256 प्रयत्न, म्हणजे सेक्युराच्या मोजणीनुसार सुमारे तीन सेकंद.

यानंतर हल्लेखोराकडे खरी किल्ली नसतेच, मग पुढचे संदेश तो सही करून कसे पाठवणार? त्याचीही सोय होती. पुढचा संवाद कूटबद्ध करायचा की नाही, हे संगणकाने सांगायचे आणि सर्व्हरने मान्य करायचे. हल्लेखोर नको म्हणतो. मग तो खात्याचा पासवर्ड बदलण्याची विनंती करतो, तीही निव्वळ शून्यांनी भरून. सर्व्हर त्याचा अर्थ लावतो की नव्या पासवर्डची लांबी शून्य आहे. हे कुठल्याही संगणकाच्या नावाने करता येते, खुद्द डोमेन कंट्रोलरच्या नावानेही. म्हणजे दप्तर सांभाळणाऱ्याचाच पासवर्ड रिकामा होतो. मग त्याच्या नावाने सर्व खात्यांच्या पासवर्डचे हॅश, म्हणजे त्यांची साठवलेली कूटरूपे, मागायचे. एक डोमेन कंट्रोलर दुसऱ्याला ते नेहमीच देतो, तो त्यांच्या कामाचाच भाग आहे. त्या यादीत मुख्य प्रशासकाचे खातेही असते.

या सगळ्यासाठी हल्लेखोराला एवढेच हवे की नेटवर्कमधल्या एखाद्या, कुठल्याही, संगणकावरून डोमेन कंट्रोलरपर्यंत संदेश पोचावा. खाते नको, पासवर्ड नको. प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार द्यायचे, म्हणजे एकाच्या चुकीने सगळ्यांचा घात होणार नाही, या विश्वासावर प्रत्येक संस्थेची सुरक्षा उभी असते. झीरोलॉगनने तो विश्वासच पोकळ करून टाकला.

सेक्युराने हल्ल्याचा कोड दिला नाही. आपला सर्व्हर दुरुस्त आहे का हे तपासण्याचे छोटे साधन तेवढे दिले. हा संयम योग्यच होता. पण अभ्यास इतका स्पष्ट लिहिलेला होता की वाचणाऱ्याला फारसे काही शोधायचे राहिले नव्हते.

सोमवार, 14 सप्टेंबर

हल्ल्याचे तयार कोड इंटरनेटवर उघड फिरू लागले.

शुक्रवार, 18 सप्टेंबर

अमेरिकेतल्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने आणीबाणीचा आदेश 20-04 काढला. संघीय नागरी खात्यांतला प्रत्येक डोमेन कंट्रोलर सोमवारच्या रात्री 11 वाजून 59 मिनिटांपर्यंत दुरुस्त झाला पाहिजे, आणि जो होणार नाही तो नेटवर्कमधून काढून ठेवला पाहिजे. मध्ये फक्त शनिवार-रविवार. पॅच येऊन 38 दिवस झालेले होते आणि आता तीन दिवसांची मुदत.

या आदेशाचे मला कौतुक वाटते. दुरुस्त करा, नाहीतर काढून ठेवा, एवढे सरळ वाक्य सरकारी कागदावर क्वचित येते. राज्य सरकारे, स्थानिक संस्था आणि खासगी कंपन्या यांच्यावर हा आदेश बंधनकारक नव्हता. त्यांना कळकळीची विनंती होती. विनंती ऐकली जाण्याला किती वेळ लागतो ते पुढे दिसेलच.

सोमवार, 21 सप्टेंबर, रात्री 11:59

वॉशिंग्टनमध्ये मुदत संपली तेव्हा भारतात मंगळवारी सकाळचे साडेनऊ वाजत आले होते. दोन दिवसांनी मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की झीरोलॉगनचे कोड प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरले जाताना दिसत आहेत.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा

5 ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने सांगितले की मर्क्युरी हा इराणशी जोडला जाणारा गट ही त्रुटी वापरतो आहे. 9 ऑक्टोबरला सिसा आणि एफबीआय यांनी संयुक्त इशारा दिला. फोर्टिनेटच्या व्हीपीएनमधली 2018 ची एक त्रुटी वापरून बाहेरून आत शिरायचे आणि झीरोलॉगनने सगळे ताब्यात घ्यायचे, अशी जोडगोळी सरकारी नेटवर्कांवर वापरली जात होती. अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक महिन्याच्या आत होती, त्यामुळे निवडणूक यंत्रणेचा उल्लेख त्या इशाऱ्यात आवर्जून होता. एक जुनी न भरलेली भेग आणि एक नवी न भरलेली भेग, दोन्हींवरचे पॅच केव्हाच येऊन पडलेले.

एका संस्थेतला एक दिवस, तास शून्य

18 ऑक्टोबरला डीएफआयआर रिपोर्ट या विश्लेषक-गटाने एका घुसखोरीचा तासवार अहवाल प्रसिद्ध केला. त्यात संस्थेचे नाव नाही, आणि ते नसणेच योग्य.

एका कर्मचाऱ्याला मेल आली. फसवी होती. त्याने ती उघडली आणि बाझार नावाचा एक छोटा प्रोग्रॅम त्याच्या संगणकात उतरला. या प्रोग्रॅमचे काम दार उघडून मालकांना कळवणे, एवढेच.

अशा प्रकरणात पुढे कायम त्या कर्मचाऱ्याकडे बोट दाखवले जाते. पण त्याचे खाते सामान्य होते. कुठल्याही सर्व्हरवर त्याला विशेष अधिकार नव्हते, म्हणजे व्यवस्था ठरवल्याप्रमाणे ठाकठीक होती. घुसलेल्यांनाही हे लगेच कळले. दिवसाला शंभर मेल उघडणे हेच ज्याचे काम आहे त्याने एक चुकीची उघडली, यावर संस्था मोडत असेल तर दोष त्या माणसाकडून फार वर सरकतो.

पहिला तास

घुसखोर आधी नकाशा काढतात. इथे डोमेन कुठले, डोमेन कंट्रोलर किती, त्यांची नावे काय, प्रशासकांच्या गटात कोण? यासाठी त्यांनी विंडोजमध्येच असलेली एनएलटेस्टसारखी साधने वापरली. पुढे, मुख्य डोमेन कंट्रोलरवर पोचल्यावर, ॲडफाइंड नावाचे एक फुकट साधनही वापरले, जे खुद्द सिस्टिम ॲडमिन वापरतात. या आज्ञांत विषाणू म्हणावे असे काही नसते. पण लेखा विभागातल्या एखाद्या संगणकावरून कुणी डोमेन कंट्रोलरांची यादी विचारू लागले, तर त्याला कामाचे काहीही कारण असू शकत नाही. पाच तासांत जर कुठे हल्ला ओळखता आला असता, तर तो याच वेळी.

दुसऱ्या तासाच्या आत

मेल उघडल्याला दोन तास पूर्ण व्हायच्या आधी त्यांनी झीरोलॉगन चालवले. मुख्य डोमेन कंट्रोलरच्या संगणक-खात्याचा पासवर्ड त्यांनी बदलून टाकला.

ते चालले, याचा अर्थ तिथे ऑगस्टचा पॅच नव्हता. सिसाच्या आदेशाची मुदत केव्हाच उलटून गेली होती, आणि हल्लेखोरांनी ज्या त्रुटीचे शस्त्र केले तिच्यावरचे औषध सगळ्यांना ऑगस्टपासून मोफत उपलब्ध होते.

झीरोलॉगनच्या आधी बहुतेक घुसखोरांना इथवर यायला दिवस किंवा आठवडे लागत. एखाद्या संगणकावर ॲडमिन कधीतरी लॉगिन करून गेलेला असतो, त्याच्या खुणा हुडकायच्या, एकेक पायरी चढत वर जायचे. या काळात ते सापडण्याची शक्यता असते. रखवालदार जागा असो वा नसो, वेळ तरी त्याच्या बाजूने असतो. आता तो वेळच गेला. सामान्य कर्मचाऱ्यापासून सर्वाधिकारी प्रशासकापर्यंतचे अंतर काही सेकंदांवर आले.

तिसरा तास

इथून पुढे त्यांना काहीही फोडावे लागले नाही, कारण ते आता प्रशासक होते. दुसऱ्या डोमेन कंट्रोलरवर ते गेले, तिथून पुन्हा पाहणी केली, या वेळी पॉवरशेलमधून. कोबाल्ट स्ट्राइक हे खरे तर सुरक्षा-तपासणी करणाऱ्यांसाठी विकले जाणारे साधन. त्याचे हस्तक त्यांनी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर पेरले. काही ठिकाणी तर ते रिमोट डेस्कटॉपने, प्रशासकाच्याच खात्याने, सरळ लॉगिन करून बसले. ॲडमिन जे रोज करतो तेच, त्याच दारांतून.

चौथा तास, दहावे मिनिट

मेल उघडल्यापासून चार तास दहा मिनिटे झाली तेव्हा ते मुख्य डोमेन कंट्रोलरवरून निघाले आणि रिमोट डेस्कटॉपने बॅकअप सर्व्हरवर पोचले.

हा क्रम पाहा. आधी बॅकअप, मग इतर सर्व्हर, मग कर्मचाऱ्यांचे संगणक. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागायची, हा त्यांचा डाव होता. ज्या प्रतीच्या भरवशावर संस्था त्या खंडणीला नकार देऊ शकली असती, तीच त्यांनी सर्वांत आधी कुलूपबंद केली. बॅकअपचे सर्व्हर त्याच डोमेनमध्ये होते आणि तिथला प्रशासकही तोच होता, त्यामुळे वेगळी किल्ली लागलीच नाही. माझ्या मते या सगळ्या दिवसातला सर्वांत क्रूर भाग हाच आहे. बॅकअप घेतलेला होता, कुणीतरी तो इमानाने दर रात्री घेत असणार, आणि तरी तो मूळ संगणकांच्याही आधी गेला.

बॅकअप वेगळ्या डोमेनमध्ये, वेगळ्या पासवर्डखाली किंवा जाळ्यातून तोडून ठेवलेला असता तर पुढच्या पन्नास मिनिटांचा अर्थ बदलला असता. संस्था काही दिवस ठप्प झाली असती, पण वाटाघाटीला बसावे लागले नसते.

पाचवा तास

र्‍यूक नावाचे रॅन्समवेअर एकेका यंत्रावर चालवले गेले. शेवटी मुख्य डोमेन कंट्रोलरवरही. पाच तास भरले आणि काम संपले.

पडद्यावर खंडणीची मागणी होती, 600 हून अधिक बिटकॉइन. तेव्हाच्या भावाने साठ लाख डॉलरच्या वर.

एखाद्या कार्यालयात सकाळी दहाला ती मेल उघडली असे धरले, तर दुपारी तीनला तिथे एकही फाइल उघडत नव्हती. मध्ये जेवणाची सुट्टीही येऊन गेली असणार. सुरक्षेची माणसे कितीही कसलेली असोत, पाच तासांत इशारा ओळखणे, खात्री करणे, वरिष्ठांना उठवणे, नेटवर्क तोडायचा निर्णय घेणे आणि तो अमलात आणणे हे फारच थोड्या संस्थांना जमेल. म्हणून त्या दिवशी काय करायला हवे होते, यावरच्या चर्चा मला अपुऱ्या वाटतात. आठवडे हातात होते तेव्हा ती संस्था वाचवता येत होती.

त्यानंतरचे दिवस

डोमेन कंट्रोलर असा गेला की फाइली परत मिळणे हा प्रश्नाचा अर्धाच भाग असतो. हल्लेखोरांना सर्व हॅश मिळालेले असतात, त्यात केआरबीटीजीटी या खात्याचाही. नेटवर्कमधली सगळी प्रवेश-तिकिटे याच खात्याच्या किल्लीने सही होतात, म्हणून ती किल्ली ज्याच्याकडे तो वाटेल त्याच्या नावाचे तिकीट स्वतः छापू शकतो. हे खाते आपला आधीचा पासवर्डही लक्षात ठेवते, म्हणून तो पासवर्ड एकदा बदलून भागत नाही, दोनदा बदलावा लागतो. प्रत्येक कर्मचारी, प्रत्येक सर्व्हर, प्रत्येक सेवा-खाते, सगळ्यांचे पासवर्ड नवे. कित्येक संस्था मग सगळे पुन्हा कोऱ्या यंत्रांवर उभे करतात.

28 ऑक्टोबरला सिसा, एफबीआय आणि अमेरिकेचे आरोग्य खाते यांनी मिळून इशारा दिला की रुग्णालयांवर र्‍यूकचे हल्ले तोंडावर आहेत. त्याच आठवड्यात ओरेगनमधल्या क्लॅमथ फॉल्स गावचे स्काय लेक्स या रुग्णालयाचे संगणक र्‍यूकने बंद पाडले. हल्लेखोर तिथे कुठल्या मार्गाने आत शिरले हा वेगळा विषय, पण टोळ्यांची निवड लक्षात घ्या. करोनाचे रुग्ण वाढत होते, आणि डॉक्टर कागदावर नोंदी करत होते. 5 नोव्हेंबरला डीएफआयआर रिपोर्टचा आणखी एक अहवाल आला. त्यात मेलपासून खंडणीपर्यंतचा प्रवास दोन तासांत झाला होता.

मंगळवार, 9 फेब्रुवारी 2021

मायक्रोसॉफ्टचा दुसरा टप्पा लागू झाला. या दिवसाच्या पॅचनंतर डोमेन कंट्रोलर असुरक्षित नेटलॉगन संवाद सरळ नाकारू लागला, मग समोर विंडोज असो वा एखादे जुने स्टोरेज यंत्र.

ऑगस्टपासून सर्व्हरच्या नोंदवहीत 5829 क्रमांकाची नोंद उमटत होती. कुठले उपकरण अजून जुन्या, असुरक्षित पद्धतीने बोलते आहे, हे ती नावानिशी सांगत होती. सहा महिने ही यादी वाचून एकेक उपकरण बदलायचे, हे ॲडमिनचे काम होते आणि अनेकांनी ते केले. त्यांची नावे कुठे येणार नाहीत, पण त्या हिवाळ्यात जी शहरे आणि जी रुग्णालये चालू राहिली त्यांत त्यांचा वाटा आहे.

जी उपकरणे बदलता आली नाहीत त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने अपवादाची सोय ठेवली. ग्रुप पॉलिसीत उपकरणाचे खाते घालायचे, की त्याला जुन्या पद्धतीने बोलायला परवानगी मिळते. अशा प्रत्येक संवादाची नोंद 5830 किंवा 5831 या क्रमांकाने होते. अपवादाला मुदत नसते. कुणी तो काढेपर्यंत तो राहतो. ज्यांच्याकडे असे सर्व्हर आहेत त्यांनी आज या दोन क्रमांकांच्या नोंदी उघडून पाहाव्यात, आणि त्यांत एखादे नाव निघाले तर ते उपकरण बदलायला लागणारी रात्र ॲडमिनला याच आठवड्यात द्यावी.